सिंधुबाईचा थंड कान

डोळे मिटा बरं जरा. मिटले? आता अशी कल्पना करा, की तुम्ही अंगणात उभे आहात. दोन्ही हात पसरा आणि स्वतःभोवती फिरा. दहा फेऱ्या, पंधरा फेऱ्या, वीस. आता एकदम थांबा. पाय थांबले, पण अंगण थांबलं नाही. रांजण, शेळी, दोरीवरचे कपडे, सगळं एकाच बाजूला पळत सुटलंय. तुम्ही हसताय, कारण तुम्हाला ठाऊक आहे, घटकाभरात सगळं आपापल्या जागी येऊन बसेल.

आता दुसरी कल्पना करा. ही जरा अवघड आहे. तुम्ही फिरलाच नाहीत. तुम्ही झोपला आहात आणि नुसती कूस बदललीत. तेवढ्यानं सगळं जग गरगरायला लागलं. बाजेच्या कडा घट्ट धरल्यात, तरी बाज आपल्याला उलटं करून फेकून देणार असं वाटतंय. पोटातलं सगळं घशाशी आलंय. आणि आता हसू येत नाही, कारण हे थांबेल की नाही ते तुम्हाला ठाऊक नाही.

सिंधुबाईला असं झालं ते दोन हजार तेरा सालच्या एप्रिलात, धारूरच्या माळावरच्या चारा छावणीत. तेव्हा तिची अकरा वर्षांची मुलगी अंजना शेजारीच बसली होती.

त्या वर्षी पाऊस पडलाच नव्हता म्हटलं तरी चालेल. बोअरचं बटण दाबलं की नुसती हवा फुसफुसायची. गावात जनावरांपुढं टाकायला काडी उरली नाही, तेव्हा गावच्या दूध उत्पादक सहकारी संस्थेनं माळावर छावणी उघडली. बांबूच्या मेढी, वर हिरवी जाळी, खाली दावणींच्या रांगा, आणि रांगांत पाचशे जनावरं. जनावरांबरोबर माणसंही तिथंच खोपी घालून राहायला आली. अंजनाचे वडील शहादेव दोन गाई आणि एक कालवड घेऊन आले. शेजारच्याच दावणीला अंजनाच्या थोरल्या चुलतीची, वच्छलाबाईची, गाय होती. अंजना तिला मोठी माय म्हणायची.

पाचशे जनावरं एका जागी उभी राहिली की काय होतं, ते सांगितल्याशिवाय कळत नाही. मुताची डबकी एप्रिलच्या उन्हातही वाळत नाहीत. शेणात पाय घोट्यापर्यंत जातो. माश्या तर विचारूच नका. भाकरीवर माश्या, चहाच्या कपाच्या काठावर माश्या, झोपलेल्या लेकराच्या पापण्यांवर माश्या. टँकरचं पाणी पिण्यापुरतं. हात धुवायचे म्हणजे मातीनं चोळायचे. अंजना पाणी प्यायच्या आधी पेल्याचा वास घ्यायची. बाया तिला चिडवायच्या, "आल्या बघा कलेक्टरीणबाई! ह्यांना निराळा पेला द्या गं!"

पण अंजनाला सगळ्यांत जास्त किळस यायची ती आप्पारावांची.

आप्पाराव संस्थेचे चेअरमन. कुणाच्या दावणीला हिरवा ऊस पडायचा आणि कुणाच्या दावणीला उसाच्या शेंड्यांची वाळकी वाढं, ते आप्पाराव ठरवायचे. ते उभे असतील तिथंच तंबाखू थुंकायचे. उजव्या करंगळीचं नख त्यांनी लांब वाढवलं होतं. बोलता बोलता ते नख कानात फिरवायचे, बाहेर काय आलं ते उजेडात धरून बघायचे आणि संस्थेच्या ऑफिसच्या दारातल्या मेढीला पुसायचे. छावणीतली माणसं त्या मेढीला टेकून गप्पा मारायची. अंजना तिच्या जवळूनही जायची नाही.

मार्च महिन्यात एक गोष्ट घडली होती. वच्छलाबाईची गाय व्याली आणि दुसऱ्या दिवशी बसली ती उठेचना. मान वळवून तिनं कुशीवर टाकली. जनावरांचे सरकारी डॉक्टर आले. त्यांनी आधी गायीचे कान हातात घेतले. "कान गार पडलेत," ते म्हणाले. "व्याल्यावर सगळं कॅल्शियम दुधात गेलं, रक्तातलं उतरलं." त्यांनी गायीच्या मानेतल्या शिरेत सुई घातली, नळी जोडली आणि बाटली आप्पारावांच्या हातात दिली. "वर धरा आणि हलू नका." मग नळी कानांना लावून ते गायीचं काळीज ऐकत राहिले, आणि औषध हळूहळू, थेंबाथेंबानं आत सोडत राहिले. अर्ध्या तासात गायीनं ढेकर दिला, शेण टाकलं आणि ती चक्क उभी राहिली. माणसांनी टाळ्या वाजवल्या.

डॉक्टर पुढच्या छावणीला निघून गेले. उरले बाटली उंच धरून उभे असलेले आप्पाराव. माणसांच्या डोळ्यांपुढं तेच चित्र राहिलं. खुद्द आप्पारावांच्या डोक्यात मात्र एवढंच राहिलं, की कान थंड लागला की कॅल्शियम द्यायचं.

दुभत्या गाईंना पाजायला संस्थेनं कॅल्शियमचे कॅन आणलेलेच होते. पांढरं, दाट, गोडसर वासाचं औषध. तेव्हापासून गाय खोकली, वासराला ढाळ लागली, बैल लंगडला, काहीही झालं तरी आप्पाराव कान चाचपायचे आणि बांबूच्या नळकांड्यातून ते औषध जनावराच्या घशात ओतायचे. हे नळकांडं ऑफिसच्या खिळ्याला टांगलेलं असे. ते कधी कुणी धुतलं नाही. त्याच्या तोंडाशी जनावरांची लाळ वाळून पापुद्रे धरले होते, आणि पापुद्र्यांत रवंथाच्या काड्या चिकटलेल्या होत्या.

तर त्या एप्रिलच्या सकाळी सिंधुबाई उजव्या कुशीवर वळली आणि किंचाळली.

"अंजे, धर मला! पडाया लागले मी! खाली खड्डा हाय!"

खड्डा कुठंच नव्हता. अंजनानं आईला दोन्ही हातांनी धरलं. सिंधुबाई तिच्या पायावरच ओकली. वच्छलाबाई धावत आली, तिनं तांब्यातलं पाणी सिंधुबाईच्या तोंडावर, कानामागं, मानेवर मारलं. शहादेव घाबरून पळाले ते आप्पारावांनाच घेऊन आले. जवळ तेवढेच होते.

आप्पाराव बाजेपाशी उकिडवे बसले. काय होतंय, कधीपासून होतंय, काही विचारलं नाही. सिंधुबाईचा ओला उजवा कान त्यांनी चिमटीत धरला.

"ह्ये बघा. कान थंडगार पडलाय. शहादेवा, तुझ्या बायकूचं कॅल्शियम उतरलंय बे."

"म्या आत्ता पाणी मारलंय त्या कानावर," वच्छलाबाई म्हणाली. "आन् ती काय गाय हाय व्हय?"

"माणसाचं रगत काय येगळं अस्तंय का? तूच सांग. तुझी गाय उटली का न्हाई?"

"उटली."

"मग? गायीला तोंडातून पाजावं लागतंय, कावून तर तिचा कान सारका हालतो, औषध ठरत न्हाई. बाईचं जितं थंड पडलंय तितंच टाकायचं. म्हंजी सरळ पोचतंय."

हे ऐकून जमलेल्या माणसांनी माना हलवल्या. त्यांना ते पटलं. अंजनाला कळेना, की एवढ्या मोठ्या माणसांपैकी एकालाही यात काही चुकतंय असं कसं वाटत नाही.

आप्पारावांनी नळकांडं आणलं, जमिनीवर आपटून आतली काडी काढली, कॅनमधलं पांढरं औषध भरलं आणि सिंधुबाईच्या कानात वाकडं केलं. औषध आत गेलं, वर आलं, कानाची वाटी भरली आणि केसांत उतरलं. सिंधुबाईनं असा आवाज काढला, की बांधलेली कालवड दावं ताणून उभी राहिली. जग आता दुप्पट वेगानं फिरत होतं.

"लागू पडलं!" आप्पाराव म्हणाले. "बघा, आत पोचलं. म्हणून तर वरडली."

त्यांनी बोटं धोतराला पुसली. अंजना दावणीमागं गेली आणि तिथं वाकून तिनं सकाळची भाकरी बाहेर टाकली.

पुढचे दोन दिवस अंजना आईच्या उशाशीच होती. कान चिकट झाला होता. केसांची एक जाड वळी होऊन गालाला डकली होती. झाकण घालून उन्हात विसरलेल्या दुधाला येतो तसला वास त्यातून यायला लागला. माश्या उठवाव्यात तर घोंगावून परत तिथंच. दुसऱ्या दिवशी दुपारी अंजनाला बाजेच्या पायावर तांबड्या मुंग्यांची रांग दिसली. ती रांग वाकळेवरून गेली होती, उशीवरून गेली होती आणि आईच्या कानात शिरत होती.

"कानात कायतरी चालतंय गं," सिंधुबाई डोळे मिटूनच म्हणाली. डोळे उघडले की छप्पर फिरायचं.

अंजना आईच्या पदराच्या टोकानं एकेक मुंगी टिपत राहिली. आप्पाराव मधेच आले आणि दुसऱ्यांदा ओतून गेले. संध्याकाळी तिसऱ्यांदा.

"आबा, नका टाकू देऊ त्यांना," ती वडिलांना म्हणाली.

"गप ऱ्हा. आप्पारावाशी वाकडं नको. तीन जनावरं हायत आपली दावणीला."

"कान नासलाय मायचा. मुंग्या हायत त्यात."

शहादेव पाठ फिरवून कालवडीपुढचं वाढं सारखं करत बसले. त्यांच्या पाठीकडं बघताना अंजनाला कसंसंच झालं. शेण बघून व्हायचं तसंच. आणि आपल्याला बापाविषयी असं वाटलं म्हणून तिला रडूही आलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी वच्छलाबाईनं तो कान जवळून बघितला. तिनं कमरेला पदर खोचला.

"शहादेवभावजी, माजी गाय डॉक्टरनं उटवली. आप्पानं निस्ती बाटली धरलती. म्या तितंच होते. चल गं सिंधू, ऊठ. अंजे, त्या बाजूनं धर."

दुधाच्या टेंपोत बसून तिघी धारूरच्या सरकारी दवाखान्यात गेल्या. तिथं एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी कानात बॅटरी मारली, नाक जरा मागं घेतलं आणि कोमट पाणी मागवलं. मोठ्या पिचकारीनं त्या कान धुवायला लागल्या. स्टीलच्या ट्रेमध्ये आधी दह्यासारख्या गाठी पडल्या, मग पिवळट पाणी, मग मेलेल्या मुंग्या, मग रवंथाच्या दोन काड्या.

"हे काय आहे?"

"कॅल्शियम," वच्छलाबाई म्हणाली.

"कुणाचं?"

"गायीचं."

डॉक्टरीणबाईंनी ट्रे खाली ठेवला. मग त्यांनी परत पिचकारी उचलली. कान स्वच्छ झाल्यावर त्यांनी पुन्हा आत बघितलं. "पडदा शाबूत आहे. बाई, तुमचं नशीब चांगलं. पडद्याला भोक असतं तर ही घाण आत गेली असती."

अंजना त्या ट्रेकडं बघत होती. तिनं विचारलं, "म्हंजी कानात कॅल्शियम नस्तंयच का?"

डॉक्टरीणबाई तिच्याकडं वळल्या. प्रश्न विचारणारी मुलगी त्यांना बहुधा आवडली असावी.

"असतं ना. तुझ्या घरच्या हंड्याच्या तळाला पांढरी खपली बसते, ती पाहिलीस?"

"बोअरच्या पाण्याची? घासली तरी निगत न्हाई."

"तीच. त्याच जातीचे अगदी बारीक खडे प्रत्येकाच्या कानात असतात. तुझ्या, माझ्या, गायीच्यासुद्धा. पण ते इथं नसतात." त्यांनी आपल्या कानाच्या भोकाशी बोट नेलं. "ही नुसती गल्ली आहे. गल्लीच्या शेवटाला पडदा. पडद्यामागं एक लहान खोली. आणि त्याच्याही मागं, हाडाच्या आत, पाण्यानं भरलेल्या वाकड्या नळ्या आणि पिशव्या. त्या पिशवीत एक मऊ गादी असते आणि गादीवर हे खडे बसलेले असतात. ते जड असतात म्हणून आपण डोकं वाकवलं की गादी कलते. मग मेंदूला कळतं, खाली कुठं आणि वर कुठं."

"आन् त्या पाण्यातबी कॅल्शियम?"

"तिथंच तर सगळी हुशारी आहे. त्या पाण्यात ते जवळजवळ नसतंच. रक्तात जेवढं असतं त्याच्या पन्नासएक पट कमी. शरीर ते मुद्दाम कमी ठेवतं. सांग बरं, कावून?"

डॉक्टरीणबाईंच्या तोंडी 'का'ऐवजी आपल्याकडचं 'कावून' ऐकून वच्छलाबाई हसली.

"साखरेचा खडा साखरेच्या पाकात टाकला तर विरघळतो का?"

"न्हाई. पाक आदीच गोड अस्तोय."

"आणि साध्या पाण्यात?"

"इरगळतो."

"तसंच. एखादा खडा गादीवरून सुटला, तर ते पाणी त्याला हळूहळू विरघळवून टाकतं. त्या पाण्यात कॅल्शियम वाढलं, तर सुटलेला खडा तसाच पडून राहील. फार उतरलं, तर गादीवरचे चांगले खडेही झिजतील. म्हणून ते माप शरीर स्वतःच सांभाळतं. बाहेरून कितीही ओता, तिथपर्यंत एक थेंबही पोचत नाही. आणि पोचला असता तर बिघाडच झाला असता."

"मग आप्पारावानं ओतल्यावर माय जास्तच कावून फिरली?"

"गार काही कानात गेलं की आतलं पाणी हलतं. कुणालाही चक्कर येईल. म्हणून मी कोमट पाणी घेतलं."

अंजनाच्या डोळ्यांपुढं आप्पारावांचा चेहरा आला. लागू पडलं, असं म्हणतानाचा.

डॉक्टरीणबाईंनी सिंधुबाईला उंच टेबलावर बसवलं. तिचं डोकं उजवीकडं वळवलं आणि तिला झटकन मागं आडवं केलं, डोकं टेबलाच्या कडेवरून जरा खाली लोंबेल असं. सिंधुबाईनं दोन्ही हातांनी टेबल धरलं. "तिचे डोळे बघ," त्या अंजनाला म्हणाल्या. आईची बुबुळं आपोआप थरथरत होती, एका बाजूला ओढली जात होती, परत येत होती. "उजव्या कानातले खडे सुटून वाकड्या नळीत शिरलेत. डोकं हललं की ते नळीत घरंगळतात, आणि मेंदूला वाटतं, आपण फिरतोय. आता आपण त्यांना वाट दाखवून पिशवीत परत पाठवू."

थरथर थांबेपर्यंत त्या थांबल्या. मग त्यांनी सिंधुबाईचं डोकं हळूच डावीकडं वळवलं. परत थांबल्या. मग तिला पूर्ण डाव्या कुशीवर घेतलं, नाक जमिनीकडं. परत थांबल्या. मग बसतं केलं.

सिंधुबाई डोळे मिटून बसली होती. तिनं एक डोळा उघडला. मग दुसरा.

"भिंत थांबली," ती म्हणाली.

"चार-पाच दिवसांनी परत होऊ शकतं. झालं तर घाबरायचं नाही, हेच करायचं. आणि कानात काही म्हणजे काही टाकायचं नाही. तेलसुद्धा नाही." मग त्यांनी अंजनाला टेबलाशी बोलावलं आणि वच्छलाबाईला आडवं करून सगळं तिच्याकडून दोनदा करवून घेतलं.

"हळू गं, माजी मान मोडशील!" वच्छलाबाई ओरडली.

"घाई करू नको," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "प्रत्येक ठिकाणी साठ मोजायचे."

संध्याकाळी सिंधुबाई आपल्या पायांनी चालत छावणीत आली. ते सगळ्यात आधी आप्पारावांनी बघितलं.

"बघा! तीन डाव टाकलंतं म्या. तिसऱ्या दिशी बाई चालती झाली!"

"डॉक्टरीणबाईनं धुऊन काढलं ते सगळं," अंजना म्हणाली. "मुंग्या निगाल्या त्यातून."

"आँ? ही कोण बोलतीय? शहादेवा, तुजी लेक लई शिकली बे!"

माणसं हसली. दुसऱ्या दिवसापासून ऑफिसपुढं कान दाखवायला माणसं बसू लागली. कुणाला कमी ऐकू यायचं, कुणाचा कान ठणकायचा, कुणाचं डोकं दुखायचं. आप्पाराव मेढीला नख पुसत प्रत्येकाचा कान चाचपायचे. पहाटे कान चाचपला तर बाराही महिने थंडच लागतो. एकच नळकांडं या कानातून त्या कानात, आणि मधूनच एखाद्या म्हशीच्या घशात. ते बघायचं नाही म्हणून अंजना पाणी आणायला लांबच्या वाटेनं जाऊ लागली.

वच्छलाबाई लेकीच्या बाळंतपणाला नांदूरघाटला गेली, आणि दवाखान्यातून आल्याच्या पाचव्या दिवशी सकाळी सिंधुबाई कुशीवर वळली आणि परत किंचाळली.

"आबा, मला येतंय करायला!" अंजना म्हणाली. "डॉक्टरीणबाईनं शिकवलंय!"

शहादेव खोपीच्या दाराशी उभे होते. त्यांना एवढंच दिसत होतं, की बायको परत पडली. अकरा वर्षांच्या पोरीच्या हातात ते आपली बायको कशी देणार? ते गेले आणि आप्पारावांना घेऊन आले. आप्पारावांच्या मागं वीस-पंचवीस माणसं.

आप्पाराव आज तयारीनं आले होते. भरलेला कॅन, नळकांडं, कापसाचे दोन बोळे आणि मेणाचा गोळा. "मागच्या टायमाला वाहून गेलं," ते म्हणाले. "ह्या टायमाला दोनी कानांत भरायचं, बोळा मारायचा, वरून मेण लावायचं. आठ दिस काडायचं न्हाई."

आठ दिवस. अंजनाला उशीवरची ती तांबडी रांग दिसली, आणि मेणाखाली कोंडलेलं सगळं दिसलं.

"टाका काय टाकायचं ते," सिंधुबाई डोळे मिटून पुटपुटली. "पर ह्ये थांबवा."

अंजना बाजेच्या आणि आप्पारावांच्या मधे जाऊन उभी राहिली.

"सर बाजूला, पोरी."

"आदी तुमच्या कानात टाका."

मागची माणसं पुढं सरकली.

"काय म्हन्लीस?"

"औषध चांगलं हाय न्हवं? मग आदी तुमच्या कानात टाका. मग मायच्या टाका."

"मला कावून? माजा कान काय थंड हाय का?"

पुढं चतुराबाई उभी होती. सत्तरीची, तोंडात दात नसलेली म्हातारी. कालच तिच्याही कानात औषध पडलं होतं. तिनं काही मनात न धरता, अगदी सहज, हात लांब करून आप्पारावांच्या कानाची पाळी धरली.

"थंडच लागतोय की रं, आप्पा!"

पहिल्यांदा कुणीतरी मागं फिस्सकन हसलं. मग सगळीच हसायला लागली. "टाका आप्पा, टाका!" "तुमचंबी कॅल्शियम उतरलंय!" "भरा की, बोळा म्या मारतो!"

आप्पाराव हसले, पण ओठांनीच. आता मागं हटता येत नव्हतं. त्यांनी नळकांडं भरलं. मान वाकडी केली. नळकांडं कानाकडं नेताना ते आधी नाकापुढून गेलं. तिथंच त्यांचा हात थांबला. त्यांचं तोंड आंबट झालं, नाक वर चढलं, आणि ते नळकांडं लांब धरून ओरडले,

"श्शी! जनावराची लाळ हाय की ह्यात! नासलंय समदं!"

हसू थांबलं. मग चतुराबाईचा हात आपल्या कानाकडं गेला. तिच्या शेजारच्या माणसाचा गेला. मागच्या रांगेत दोघा-तिघांनी कान चोळायला सुरुवात केली, एकानं तर करंगळी आत घालून वास घेतला आणि तोंड फिरवलं.

आप्पारावांना आपण काय बोललो ते कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांचे कान लाल झाले. "शहादेवा," ते म्हणाले, "उद्या तुज्या दावणीला काय पडतंय ते बघतोच म्या."

शहादेव खाली बघत होते. अंजनाला वाटलं, आता आबा म्हणतील, गप ऱ्हा, बाजूला हो. त्यांनी मान वर केली. आप्पारावांकडं बघितलं, त्या नळकांड्याकडं बघितलं, मग लेकीकडं. ते दारातून एक पाऊल बाजूला सरकले आणि बाजेवर उजेड पडला.

सिंधुबाई अजून बाज धरून पडली होती. वीस-पंचवीस माणसं बघत होती. त्यात एकही असा नव्हता, ज्याला पुढं काय करायचं ते ठाऊक होतं.

अंजनानं तांब्यातल्या पाण्यानं हात धुतले, दोनदा. आईला उठवून बसतं केलं. तिच्या मागं जाऊन तिचं डोकं दोन्ही तळव्यांत घट्ट धरलं, उजवीकडं वळवलं, तिला हळूच मागं आडवं केलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती एकपासून मोजायला लागली.